सत्तरच्या आत नाही: सुनील छेत्रीच्या तीन परदेशवाऱ्या

ऑगस्ट 2009. भारताचा फुटबॉलपटू सुनील छेत्री नुकताच 25 वर्षांचा झाला होता आणि लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबशी त्याचा तीन वर्षांचा करार ठरला होता. क्लबला तो हवा होता, त्याला क्लब हवा होता. अडलं ते ब्रिटनच्या गृहखात्यात. वर्क परमिट नाकारलं गेलं, आणि नाकारण्याच्या कारणाचा त्याच्या खेळाशी काही संबंध नव्हता. फिफाच्या क्रमवारीत भारत पहिल्या 70 देशांत नव्हता, एवढंच.

आपल्याकडे ही कहाणी दोन वाक्यांत उरकतात. लंडनला परमिट मिळालं नाही, अमेरिकेत जमलं नाही, पोर्तुगालमध्ये टिकला नाही. त्यापुढचं वाक्य पानटपरीवरही ऐकू येतं: आपली पोरं बाहेर टिकतच नाहीत. मला हा निष्कर्ष आळशीपणाचा वाटतो. तिन्ही वेळा छेत्री परत आला हे खरं, पण तिन्ही वेळा घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. एकदा कारण पूर्णपणे त्याच्या हाताबाहेरचं होतं आणि एकदा, त्यानेच कबूल केल्याप्रमाणे, ते त्याच्या खेळातच होतं. लहान लीगमधून मोठ्या लीगकडे बघणाऱ्या कुठल्याही खेळाडूसाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे. म्हणून हे प्रकरण जरा उलगडून बघू.

लंडन

आधी नियम. युरोपीय संघाबाहेरचा फुटबॉलपटू इंग्लंडमध्ये खेळवायचा तर त्या काळी दोन मुख्य अटी होत्या. त्याच्या देशाचा फिफा क्रमवारीतला गेल्या दोन वर्षांचा सरासरी क्रमांक 70 च्या आत हवा, आणि त्या दोन वर्षांत देशाच्या अधिकृत सामन्यांपैकी किमान 75 टक्के सामने तो खेळलेला हवा. अटी पूर्ण होत नसतील तर क्लबला तज्ज्ञांच्या समितीपुढे बाजू मांडता येई. हा खेळाडू असामान्य आहे, आमच्या फुटबॉलला त्याचा उपयोग होईल, असं पटवून द्यावं लागे.

दुसरी अट छेत्रीला जड गेली नसती. भारतीय संघ त्याच्याशिवाय मैदानात उतरणं तेव्हाच दुर्मीळ होऊ लागलं होतं. वर्षभरापूर्वी, 13 ऑगस्ट 2008 ला, दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर आशियाई फुटबॉल महासंघाच्या (एएफसी) चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने ताजिकिस्तानविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली होती. तो सामना भारताने 4-1 असा जिंकला आणि त्या जोरावर 2011 च्या आशियाई चषकात थेट प्रवेश मिळवला. पण पहिल्या अटीपुढे या हॅट्‌ट्रिकची किंमत शून्य. भारत तेव्हा शंभराच्याही बराच खाली होता.

आता हा क्रमांक ठरतो कसा, ते बघा. त्या वेळच्या सूत्रात प्रतिस्पर्धी किती तगडा, सामना किती महत्त्वाचा आणि तो कोणत्या खंडातला, या सगळ्याला वजन होतं. आशियातल्या सामन्याचं वजन युरोपातल्या सामन्यापेक्षा कमी धरलं जाई. शिवाय भारताच्या वाट्याला सामने यायचे ते बहुतेक शेजारपाजारच्या, क्रमवारीत आपल्यासारख्याच खाली असलेल्या संघांशी. जिंकूनही फार वर सरकता येत नसे. वर सरकायचं तर खेळाडू चांगल्या लीगमध्ये खेळायला हवेत, आणि चांगल्या लीगने घ्यायचं तर देश वर हवा. या रहाटगाडग्यात एकटा छेत्री काय करणार होता?

एक गंमत इथे नोंदवायला हवी. क्वीन्स पार्क रेंजर्समध्ये त्या वेळी लक्ष्मी मित्तल यांच्या कुटुंबाचा 20 टक्के हिस्सा होता, 2007 च्या अखेरीस घेतलेला. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतला क्लब, भागीदार भारतीय वंशाचा पोलादसम्राट, आणि तरीही भारतीय संघाचा पहिल्या पसंतीचा आघाडीपटू दारातून परत. पैसा आत होता म्हणून खेळाडू आत जाईल असं नसतं. मला विचाराल तर नियमाची हीच एक बाजू चांगली म्हणायला हवी, भले ती या वेळी आपल्यावर उलटली.

भारतीयाला परमिट मिळतच नव्हतं असंही नाही. त्याआधी दहा वर्षं, 1999 मध्ये, बायचुंग भुतिया मँचेस्टरजवळच्या बरी या क्लबमध्ये गेला होता. बरी तेव्हा इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत होता. दुखापतींनी त्याला सतावलं, गोलही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच झाले, पण तो खेळला. त्याच्याही आधी, 1936 मध्ये, मोहम्मद सलीम ग्लासगोच्या सेल्टिककडून अनवाणी खेळून आला होता, पायाला पट्ट्या बांधून. म्हणजे वाट होती, फक्त तिच्यावर वर्दळ नव्हती.

पणजीचा रस्ता

लंडन हुकल्यावर छेत्री डेम्पोकडे आला. गोव्यातला हा क्लब तेव्हा देशातला सगळ्यात शिस्तीचा मानला जायचा. आर्मांदो कुलासो प्रशिक्षक, संघ वर्षानुवर्षं जवळपास तोच, आणि 2009-10 ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली मुख्य लीग, त्यांनीच जिंकली.

त्याच ड्रेसिंग रूममध्ये नायजेरियाचा रँटी मार्टिन्स होता आणि ब्राझीलचा बेटो होता. रँटी 2004 मध्ये भारतात आला, गोव्यात रुळला आणि पुढे 2011-12 च्या हंगामात त्याने आय-लीगमध्ये 32 गोल मारले. छेत्रीच्या नजरेतून पाहिलं तर डेम्पो म्हणजे मोठ्या लीगच्या दारातून परत आल्यावरचा मुक्काम. रँटीच्या नजरेतून पाहिलं तर डेम्पो हीच बाहेरची लीग, म्हणजे घर सोडून, हजारो मैल येऊन, मेहनतीने टिकवलेली नोकरी. शिडी एकच. एक जण तिच्या ज्या पायरीवरून वर बघत होता, त्याच पायरीवर दुसरा खालून चढून आला होता.

आपण भारतीय खेळाडूच्या व्हिसाबद्दल हळहळतो तेव्हा ही दुसरी बाजू सोयीस्करपणे विसरतो. केरळात मलप्पुरमच्या सेव्हन्स (सात-सात जणांच्या) स्पर्धांत, बंगालमधल्या सामन्यागणिक पैसे देणाऱ्या ‘खेप’ सामन्यांत, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांत आफ्रिकी खेळाडू दिसतात. त्यांच्यातला प्रत्येक जण रँटी होत नाही. कित्येकांना कुणीतरी मोठ्या क्लबची ट्रायल कबूल केलेली असते आणि प्रत्यक्षात हाती लागतो तो एका हंगामाचा तोंडी व्यवहार. शाहू स्टेडियमवर त्याने गोल मारला की आपण शिट्ट्या मारतो; त्याच्या कागदांची चौकशी मात्र कुणी करत नाही. छेत्रीच्या बाजूला निदान लेखी करार, वर्तमानपत्रं आणि एक देश होता.

कॅन्सस सिटी

मार्च 2010 मध्ये छेत्री अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमधल्या कॅन्सस सिटी विझर्ड्सकडे गेला. अमेरिकेत ब्रिटनसारखी क्रमवारीची अट नाही. तिथे हिशेब वेगळा: प्रत्येक क्लबला परदेशी खेळाडूंसाठी ठरावीक जागा, तेव्हा आठ. या जागा क्लब आपापसांत विकू-बदलूही शकतात, म्हणजे जागेलाच बाजारभाव आहे. त्यामुळे तुम्ही चांगले आहात एवढं पुरत नाही. तुम्ही अडवलेली जागा दुसऱ्या कुणाला दिली असती तर काय मिळालं असतं, हा प्रश्न प्रशिक्षकाच्या डोक्यात कायम असतो.

विझर्ड्सचं घरचं मैदान त्या वर्षी चक्क बेसबॉलचं होतं. स्वतःचं स्टेडियम अजून बांधून व्हायचं होतं. म्हणजे क्लबही काही फार मोठा नव्हता. एप्रिलमध्ये यूएस ओपन कप या फुटबॉल स्पर्धेसाठीच्या सामन्यात कोलोरॅडो रॅपिड्सविरुद्ध छेत्री सुरुवातीच्या अकरांत होता आणि मध्यंतराला त्याला बाहेर घेतलं. जुलैमध्ये ॲरोहेड स्टेडियमवर पन्नास हजारांवर प्रेक्षकांसमोर मँचेस्टर युनायटेडशी मैत्रीपूर्ण सामना झाला. विझर्ड्सचा एक खेळाडू लाल कार्ड घेऊन गेलेला असतानाही त्यांनी तो 2-1 असा जिंकला, आणि दुसऱ्या सत्रात छेत्री बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. भारतात त्या काही मिनिटांचे फोटो खूप फिरले. लीगच्या सामन्यांत मात्र त्याच्या नावापुढे एकही मिनिट लागलं नाही.

का? इथे मी त्याच संघातल्या केई कमाराचं उदाहरण देईन. तोही आघाडीपटू, छेत्रीच्याच वयाचा, सिएरा लिओनचा. देशात यादवी युद्ध. गांबियामार्गे निर्वासित म्हणून तो किशोरवयातच अमेरिकेत पोहोचला. तिथेच शाळा, तिथेच कॉलेजचं फुटबॉल, तिथूनच 2006 च्या ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतून, लीगमध्ये. कॅन्ससमध्ये नाव कमावल्यावर 2013 मध्ये तो लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या नॉर्विचकडे गेला, आणि आज मेजर लीग सॉकरच्या इतिहासातल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत तो अगदी वर आहे. सिएरा लिओनच्या फुटबॉलची व्यवस्था भारतापेक्षा बरी होती असं कुणी म्हणणार नाही. फरक होता तो वयाचा. जी धक्काबुक्की, जो वेग आणि जी इंग्रजी शिवीगाळ कमाराने विशीच्या आत पचवली होती, ती छेत्रीसमोर पंचविशीत, एका हंगामाच्या मुदतीत, एकदम आली.

दुसरं ओझं राष्ट्रीय संघाचं. भारत 1984 नंतर प्रथमच आशियाई चषकात खेळणार होता आणि प्रशिक्षक बॉब हॉटन यांनी त्यासाठी महिनोन्‌महिने चालणारी शिबिरं आखली होती. 2010 संपता संपता छेत्री त्या तयारीसाठी परतला. जानेवारी 2011 मध्ये दोह्यात त्याने बहरीन आणि दक्षिण कोरियाविरुद्ध एकेक गोल केला. गटातले तिन्ही सामने आपण हरलो. त्यानंतर तो कॅन्ससला गेला नाही. कोलकात्याच्या चिराग युनायटेडकडे खेळू लागला.

त्याने कॅन्ससमध्येच राहायला हवं होतं का? मागे वळून सांगणं सोपं आहे. 27 वर्षांनी आलेली स्पर्धा देशाच्या पहिल्या आघाडीपटूने सोडावी, असं त्या वेळी मीही म्हटलं नसतं. पण मोठ्या देशाच्या खेळाडूला ही निवड करावीच लागत नाही, एवढं ध्यानात घ्या. त्याला बोलावणं फिफाने ठरवून दिलेल्या तारखांना येतं, आठ-दहा दिवसांत तो क्लबमध्ये परत. आपल्याकडे राष्ट्रीय संघ हाच जणू क्लब झाला होता, कारण देशातली लीग खेळाडूला तेवढं तयार करत नव्हती. ज्या व्यवस्थेने छेत्रीला कॅन्ससला जाण्याइतपत मोठं केलं, तिनेच त्याला मुक्काम लांबवू दिला नाही.

लिस्बन

तिसरी वारी सगळ्यात मोलाची, कारण तिथे नियम आडवा आला नाही आणि शिबिरही नाही. जुलै 2012 मध्ये स्पोर्टिंग क्लब दि पोर्तुगालने त्याच्याशी दोन वर्षांचा करार केला. हाच तो क्लब, जिथे क्रिस्तियानो रोनाल्डो घडला. त्याच मोसमात पोर्तुगालच्या दुसऱ्या श्रेणीत मोठ्या क्लबांच्या ‘ब’ संघांना प्रवेश मिळाला होता. पोर्तो, बेनफिका, ब्रागा, सगळ्यांचे दुसरे संघ तिथे उतरले.

छेत्रीने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलेली गोष्ट अशी, की आठवड्याभरातच मुख्य प्रशिक्षकांनी त्याला बोलावून स्पष्ट सांगितलं: तू पहिल्या संघासाठी पुरेसा चांगला नाहीस, ‘ब’ संघात जा. आणि छेत्री हेही सांगतो की प्रशिक्षकांचं बरोबर होतं. भारतात ज्या वेगाने खेळायची त्याला सवय होती त्याच्या कितीतरी पट वेग त्या सरावात होता. चेंडू पायात यायच्या आधी पुढचा पास कुठे द्यायचा हे ठरलेलं असावं लागतं. चेंडू थांबवून मान वर करेपर्यंत समोरचा येऊन उभा राहतो.

‘ब’ संघाची यादी पाहिली की अवघडलेपणा कळतो. एरिक डायर 18 वर्षांचा, जो पुढे टॉटनहॅम आणि इंग्लंडकडून खेळला. जोआओ मारिओ 19 वर्षांचा, जो 2016 मध्ये पोर्तुगालबरोबर युरो चषक जिंकला. आणि त्यांच्यात 28 वर्षांचा भारताचा कर्णधार. त्या पोरांसाठी ‘ब’ संघ म्हणजे वर चढायचा जिना होता. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याच जिन्यावर उभं राहणाऱ्याला क्लब शिकवत बसत नाही; तो तयार आहे का नाही, एवढंच बघतो.

23 सप्टेंबर 2012 ला फ्रेमुंदे या छोट्या गावाच्या संघाविरुद्ध छेत्रीला पहिली संधी मिळाली. 85 वं मिनिट. चौथ्या पंचांचा फलक वर झाला, चिलीचा तरुण आघाडीपटू दिएगो रुबिओ बाहेर आला, छेत्री आत गेला. पाच मिनिटं आणि वरचा भरपाईचा वेळ. एवढ्यात आघाडीपटूला चेंडू दोन-तीनदा मिळाला तर नशीब. ‘ब’ संघाकडून त्याचे एकूण सामने झाले तीन.

मला या प्रकरणातला सगळ्यात प्रामाणिक निर्णय यानंतरचा वाटतो. करार दोन वर्षांचा होता. बाकावर बसून ‘स्पोर्टिंगचा खेळाडू’ म्हणवून घेता आलं असतं, जाहिराती मिळाल्या असत्या. तो फेब्रुवारी 2013 मध्ये लोनवर गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे परतला. सामने हवे होते, म्हणून परतला.

त्या चर्चिलमध्ये लेबनॉनचे बिलाल नज्जारीन आणि अक्रम मोगराबी होते. बैरूतहून मडगावला आलेले हे दोघे, लिस्बनहून मडगावला आलेला छेत्री. सगळ्यांनी मिळून त्या हंगामाची आय-लीग जिंकली. लेबनॉनच्या खेळाडूंसाठी तो बाहेरच्या देशातला किताब होता. छेत्रीच्या बाबतीत वर्तमानपत्रांनी ‘पुनरागमन’ हा शब्द वापरला. त्याच उन्हाळ्यात तो नव्यानेच उभ्या राहिलेल्या बंगळुरू एफसीकडे गेला, आणि पहिल्याच हंगामात तो क्लब विजेता ठरला. 6 जून 2024 ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर कुवेतविरुद्ध निवृत्तीचा सामना खेळला तेव्हा त्याच्या नावावर 151 सामन्यांत 94 आंतरराष्ट्रीय गोल होते. नंतर त्याला पुन्हा बोलवावं लागलं, यातच त्याच्या मागे काय उरलं होतं ते आलं.

नंतरच्यांनी काय केलं

गुरप्रीत सिंग संधूने वेगळी चाल खेळली. 2014 मध्ये हा गोलरक्षक नॉर्वेच्या स्टाबेक क्लबकडे गेला, 22 वर्षांचा असताना. नॉर्वे म्हणजे इंग्लंड नव्हे, पण म्हणूनच दार उघडं होतं. तो दोन वर्षं बाकावर बसला. गोलरक्षकाला हे परवडतं, तिशीकडे झुकलेल्या आघाडीपटूला नाही. जून 2016 मध्ये वेल्सच्या कोनाज की नोमॅड्सविरुद्ध युरोपा लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत तो उतरला. ही मजल मारणारा तो पहिला भारतीय.

मुलींनी तर चक्क पुरुषांच्या पुढे बाजी मारली आहे. जानेवारी 2020 मध्ये मणिपूरच्या बाला देवीने ग्लासगोच्या रेंजर्सशी करार केला आणि तिथे गोलही केला. 2022 मध्ये मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलोनकडून महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. महिलांच्या क्रमवारीत भारत पुरुषांपेक्षा बराच वर असतो, शिवाय युरोपातल्या महिला लीग अजून घडत आहेत. आत शिरायला फट मोठी आहे.

आणि इंग्लंडचा तो नियम? 2015 मध्ये 70 चा आकडा 50 वर आणला गेला. ब्रेक्झिटनंतर 2021 पासून गुणांची पद्धत आली: देशाचा क्रमांक, कोणत्या दर्जाच्या लीगमध्ये किती मिनिटं खेळलात, क्लब कुठवर गेला, सगळं मोजून 15 गुण भरायला हवेत. 2023 मध्ये क्लबांना काही मोजक्या जागा या गुणांविना भरायची मुभा मिळाली. पण लीगच्या प्रतवारीत भारत सगळ्यात खालच्या गटात आहे, त्यामुळे इथे कितीही मिनिटं खेळलात तरी झोळी भरत नाही.

इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स 2010 पासून पुण्याच्या वेंकीजच्या मालकीचा आहे, कोंबड्या-अंड्यांच्या व्यवसायातल्या त्याच वेंकीजच्या. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला, तिथे काही महिने सरावाला जाऊन आला. ते प्रशिक्षण होतं, करार नव्हता. मालक पुण्याचे, पोरगा कोल्हापूरचा, आणि तो परत येऊन इंडियन सुपर लीगमध्ये खेळू लागला.